दोघांच्याच टाळ्या

आमचे वडील इंदूरच्या यशवंत क्लबवर होळकर संघाचे सामने बघायला सायकलने जायचे. सी. के. नायडूंचा षटकार सांगताना त्यांचा हात आपोआप वर जायचा. होळकरांनी चार वेळा रणजी जिंकली, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ.

२०२२ साली चंद्रकांत पंडितांच्या तालमीतल्या मध्य प्रदेशने मुंबईला हरवून रणजी जिंकली, तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. पण खरं सांगतो, कित्येक वर्षांत मी मैदानाची पायरी चढलो नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन होळकर स्टेडियमवर रणजीचा सामना बघायला गेलो. तिकीट नव्हतं, गर्दीही नव्हती. एका पोराने अर्धशतक केलं. बॅट आधी पॅव्हेलियनकडे, मग आमच्या बाजूला उंचावली. तिथे टाळ्या वाजवणारे आम्ही दोघंच. नातू म्हणाला, "आजोबा, त्याने आपल्याला बॅट दाखवली!"

वडिलांनी मला बोट धरून मैदानावर नेलं होतं. नातवाला न्यायला मी इतका उशीर केला, ही रुखरुख आहेच.

यंदा तुम्हीही या. पोह्यांचा डबा घ्या, लंचपर्यंत तरी बसा. खेळणाऱ्या पोरांना आपल्या टाळ्या ऐकू येतात हो.