चोचीला काम

पहाटे अंडी वेचायला मांगरात गेले, तर पेंढ्यावर चारच अंडी. अकरा माद्या आणि तीन नर असा माझा बदकांचा कळप. एरवी नऊ-दहा अंडी मिळायचीच. बॅटरी कोपऱ्यात फिरवली तेव्हा आमची सगळ्यात जुनी मादी दिसली. ‘बाय’ म्हणते मी तिला. कोरड्या चिऱ्याच्या भिंतीला चोच लावून ती चपचप चपचप करत होती, अगदी चिखलात करतात तशी. मान इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. भिंतीवर काहीही नव्हतं. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मादीच्या पाठीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती, पिसं उपटलेली.

याची सुरुवात जानेवारी २०२१ मधली. परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या आणि तो बर्ड फ्लू असल्याचं उघड झालं. मागोमाग आमच्या दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांचा अहवालही तसाच आला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, बदकं बाहेर सोडू नका. त्यांचं बरोबर होतं. बदकाच्या अंगात हा विषाणू असला तरी पुष्कळदा ते आजारी दिसतच नाही, विष्ठेतून मात्र तो पसरवत राहतं. आमच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बगळे, रानबदकं सगळी उतरतात. तेव्हा दाराला कडी घातली आणि खिडक्यांना बारीक जाळी मारली.

पण माझी बदकं खाकी कॅम्पबेल. इंग्लंडात ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी इंडियन रनर, रूआँ आणि रानबदक यांच्या संकरातून ही जात तयार केली. त्यातल्या रनरचा गुण म्हणजे सतत चालणं. आमचीही सकाळी सुटली की पऱ्याच्या काठाने दिवसभर चिखल चाळत हिंडायची. अशा प्राण्याला चार भिंतींत ठेवून पुढ्यात खाद्याचं भांडं दिलं, तर पाच मिनिटांत पोट भरतं आणि पुढचा अख्खा दिवस रिकामा राहतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, खायला आहे, प्यायला आहे, आणखी काय हवं त्यांना?” मलाही आधी असंच वाटलं होतं.

त्यांचा वेळ जावा म्हणून आधी कोबीचा गड्डा सुतळीने टांगला. कोंबड्यांसाठी करतात, त्या उड्या मारून टोचतात. माझी बदकं मात्र त्या हलत्या गड्ड्याला घाबरून भिंतीशी एकावर एक चढली. अनोळखी वस्तूचं बदकाला भारी भय. दोन तास ती खाद्याकडेही फिरकली नाहीत. मी गड्डा काढून त्याची पानं पाण्याच्या घंगाळात सोडली, तर संध्याकाळपर्यंत दांडेसुद्धा उरले नाहीत.

कोंबडी डोळ्याने शोधते आणि टोचते. बदक चोचीने शोधतं. ती वरून कडक दिसली तरी कडेला आणि टोकाला फार हळवी असते. गढूळ पाण्यात काहीही न दिसता दाणा कुठला, खडा कुठला हे तिला कळतं. आतल्या कंगव्यासारख्या दात्यांतून पाणी बाहेर जातं, खाणं आत राहतं. त्या पहाटे बाय भिंतीवर करत होती ते हेच काम. तिला मी धान्य दिलं होतं, काम दिलं नव्हतं.

वाट सासूबाईंनी दाखवली. “लावणीच्या दिवसांत रोपं तुडवतात म्हणून आम्ही कोंडायचो, तेव्हा मी बांधाची ओली ढेकळं आणून टाकायचे,” त्या म्हणाल्या. बांधावरची माती या वेळी चालणार नव्हती, तिथे रानपाखरं बसतात. आंब्याखाली हातभर खणून आतली माती काढली, घमेल्यात विहिरीच्या पाण्यात कालवली आणि तिच्यात मूठभर भिजवलेलं भात आणि चवळीचे दाणे पुरले. घमेलं ठेवून मी दाराआड उभी राहिले. बराच वेळ कोणी हललं नाही. मग बायने मान लांब केली, चोचीचं टोक बुडवलं आणि मान मागे घेतली. पुन्हा चोच बुडवली, या वेळी डोळ्यांपर्यंत. एक दाणा सापडल्यावर तिची शेपटी थरथरली. पुढच्या क्षणी घमेल्याभोवती चौदा चोचींची चपचप.

तेव्हापासून दिवसाला दोन घमेली. जास्त नाही, कारण पडून राहिलं की त्याचं नावीन्य जातं आणि ओल होते. ओलीला मी फार जपते. ओल्या पेंढ्याला बुरशी धरते आणि बुरशीने बदकाची फुप्फुसं जातात. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड तर पिल्लांना विषच. म्हणून चिखल आणि पाणी दाराशी चिऱ्याच्या फरशीवर, अंथरूण आतल्या बाजूला. पाणी पोहण्याइतकं नसलं तरी चालतं, डोकं पूर्ण बुडेल इतकं मात्र लागतंच, नाहीतर डोळे आणि नाकपुड्या चिकटतात.

सगळं रोज बदलत नव्हते. घमेलं तेच, जागा तीच. आत काय पुरलंय तेवढंच वेगळं: एकदा मुळ्याचा धुतलेला पाला बारीक चिरून, एकदा उकडलेली चवळी, फेब्रुवारीत कलिंगडाची सालं. टाकीत जाळीखाली वाढवलेला अझोला आठवड्यातून दोनदा. रात्री एक मिणमिणता दिवा. अंधारात मुंगूस खुडबुडलं तरी सगळी एकदम धावतात आणि पाय मोडून घेतात.

पंधरवड्याने उघड्या पाठीवर बारीक पिसं फुटली. अंडी सहावर आली, मग आठवर.

मार्चमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी दार उघडलं. दाराबाहेरच्या उन्हालाच ती बिचकली. पाच-सात मिनिटं उंबऱ्याच्या आत नुसती कुजबूज, त्यात नरांचा तो घोगरा, बसलेला आवाज. शेवटी बाय निघाली, मागे ओळ. मला वाटलं थेट पऱ्यात उडी घेतील. पण कपडे धुवायच्या दगडापाशी जमीन ओली होती, तिथेच सगळी थांबली आणि चोची मातीत गेल्या. पऱ्या समोर दहा पावलांवर वाहत होता. मी बराच वेळ तिथेच उकिडवी बसून ऐकत राहिले.