दोघेच

आमच्या स्वयंपाकघरात मांडणीवर स्टीलची ताटं उभी लावलेली असतात. स्पीकरचा आवाज थोडा वाढवून 'रोमँटिक राइट्स' लावलं की त्या ताटांना कंप सुटतो. आधी एखादंच ताट किणकिणतं, मग सगळी रांग थरथरायला लागते. एकदा आई लसूण सोलता सोलता थांबली. "किती जण वाजवतायत गं हे?"

"दोघं."

"दोघं? काहीतरीच सांगतेस."

तिचा अविश्वास मला अगदी पटला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं. टोरांटोचे दोन तरुण, जेसी कीलर आणि सेबॅस्टियन ग्रेंजर. एक बेस वाजवणार आणि मध्येच सिंथसायझरवर जाणार, दुसरा ड्रम्स वाजवता वाजवता गाणार. गिटार नाहीच. त्यांचा पहिला अल्बम 'यू आर अ वुमन, आय एम अ मशीन' २००४ च्या ऑक्टोबरमध्ये आला. अकरा गाणी, जेमतेम पस्तीस मिनिटं. कुकरच्या शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत संपणारा अल्बम. पण तेवढ्या वेळात घरातली हवा बदलून जाते.

बेस हे एरवी पायातल्या दगडासारखं वाद्य. इमारत त्याच्यावर उभी असते, पण बघणाऱ्याला तो दिसत नाही. कीलरने तो दगड उकरून वर आणला. दोन ॲम्प्लिफायरमधून सूर फाटेस्तोवर तापवला, तेव्हा खालच्या पट्टीत तो गुरगुरायला लागला आणि वरच्या पट्टीत चीत्कारायला. हत्ती चीत्कारतो तसा. अल्बमच्या मुखपृष्ठावर या दोघांच्या चेहऱ्यांना नाकाच्या जागी सोंडा आहेत. ते चित्र नुसतं गंमत म्हणून काढलंय असं मला कधीच वाटलं नाही. तो आवाज ऐकणाऱ्याला ते सरळ वर्णनच वाटतं. कीलरचा बेसही पारदर्शक ॲक्रिलिकचा, आरपार दिसणारा. ज्या संगीतात लपायला कुठेच जागा नाही, त्याला दुसरं कुठलं वाद्य शोभलं असतं?

दोघांनीच वाजवायचं ठरवलं की आधी काय सोडून द्यावं लागतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चौघांच्या बँडमध्ये एखाद्याचा हात क्षणभर चुकला तरी बाकीचे तिघं ते झाकून नेतात. इथे झाकणारं कुणी नाही. गोंधळात संबळ आणि तुणतुणं ऐकत वाढलेल्या कानाला दोन वाद्यांची ही उघडी-वाघडी जोडी ओळखीची वाटते. पण तुणतुण्याला एकच सूर धरून ठेवायचा असतो. कीलरच्या बेसला चाल, भरणा आणि हल्ला ही तिन्ही कामं एकट्याने करायची आहेत.

आणि ग्रेंजर. त्याच्या गाण्याविषयी बोलायला मला नेहमीच शब्द कमी पडतात. ड्रम्स वाजवणाऱ्या माणसाचे दोन्ही हात, दोन्ही पाय कामाला लागलेले असतात. छातीचा भाता आधीच चाललेला असतो. त्यातून उरलेल्या हवेत त्याला ओळ म्हणायची असते. म्हणून त्याच्या आवाजात जी धाप आहे ती मला अभिनयाची वाटत नाही. जिना धावत चढून आलेला माणूस दारातच काहीतरी महत्त्वाचं सांगून टाकतो, तसा तो गातो. शब्द कुठे तुटतात, कुठे थापेवर आदळतात. प्रेम, लग्न, ताटातूट असे हे विषय आहेत, आणि पंचविशीतल्या पुरुषाचा हट्ट आणि कुरकुर त्यात पुरेपूर आहे. काही गाण्यांमधली बाई फक्त दुरून पाहिलेली आहे, हे मला खटकतं. पण ती धाप मात्र खोटं बोलत नाही.

बँड सुरू झाला २००१ मध्ये. पुढच्या वर्षी 'हेड्स अप' नावाची छोटी ईपी आली. तेव्हा नाव नुसतं 'डेथ फ्रॉम अबव्ह' होतं. न्यूयॉर्कमध्ये जेम्स मर्फी आणि मंडळींची 'डीएफए' नावाची रेकॉर्ड कंपनी होती. त्या तीन अक्षरांमागचे शब्द हेच. त्यांनी हरकत घेतली, आणि दोघांनी नावापुढे ग्रेंजरचं जन्मसाल जोडलं: १९७९. योगायोग असा की नाचता येणारं पंक ज्यांच्यापासून मोजलं जातं, त्या लीड्सच्या 'गँग ऑफ फोर'चा पहिला अल्बमही १९७९ चाच. पंकचा राग आणि डिस्कोचा ठेका एकत्र नांदू शकतात, हे त्या पिढीने दाखवलं. नव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये ते पुन्हा उसळून वर आलं, आणि टोरांटोच्या या जोडीने त्यात मेटलचं वजन मिसळलं.

ध्वनिमुद्रणात निर्माता अल-पी सोबत होता. कीलर आणि तो पुढे 'मास्टरक्राफ्ट' या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करू लागले. स्टुडिओत थरावर थर चढवायची सोय असते आणि तो मोह मोठा असतो. इथे सिंथसायझर आहे, पण आमटीत गूळ असावा तेवढाच. 'ब्लॅक हिस्टरी मंथ'मध्ये वेग जरा उतरतो तेव्हा थाप आणि सूर यांच्यामधली मोकळी जागा स्पष्ट ऐकू येते. ती जागा त्यांनी भरली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

अल्बम घराघरांत कसा पोचला, तर दोन दारांनी. एका दाराने पंक आणि मेटल ऐकणारी, अंगावर अंग आदळणारी पोरं आत आली. दुसऱ्या दाराने डीजे आले. एरोल अल्कन, पॅरिसचे 'जस्टिस' अशांनी ही गाणी उलगडून क्लबसाठी पुन्हा शिवली. २००५ मध्ये रिमिक्सचा अख्खा अल्बम निघाला. साव पावलोच्या 'सीएसएस' या बँडने तर या दोघांचं नाव थेट आपल्या गाण्याच्या शीर्षकात घातलं. त्याच सुमारास 'नाइन इंच नेल्स' आणि 'क्वीन्स ऑफ द स्टोन एज' यांच्यासोबत प्रचंड सभागृहांत त्यांचे कार्यक्रम झाले.

आणि २००६ मध्ये कीलरने जाहीर केलं, बँड संपला. पुढे २०११ मध्ये कोचेला महोत्सवात ते पुन्हा एकत्र उभे राहिले, २०१४ मध्ये दुसरा अल्बम आला, तोही मी प्रेमाने ऐकते. पण माझं मन त्या शेवटच्या दौऱ्यापाशी घुटमळतं. तेव्हा दोघं वेगवेगळा प्रवास करत होते. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. भेट व्हायची ती रंगमंचावर.

हे मी आईला सांगितलं. तिने लसणाची सालं गोळा करता करता विचारलं, "तिसरं कुणीच नव्हतं ना गं मध्ये?"

"नाही."

"आणि तरी रोज वाजवायचे?"

रोज. हजारो लोकांसमोर, अबोला धरून, एकाची काठी ड्रमवर पडायची आणि त्याच क्षणी, केसभरही इकडेतिकडे न होता, दुसऱ्याचा सूर तिच्यावर येऊन बसायचा.

आई म्हणाली, "लाव परत." मी लावलं. ताटं थरथरायला लागली.