मोटर ठेवायची की काढायची?

दोस्तांनो, रेलून बसून सायकल चालवता येते, असं सांगितलं तर हसाल ना? मीही हसले होते. पण नेदरलँड्समधल्या लेलिस्टाड शहरात माझ्या आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे, तशी सायकल पाहिली. आरामखुर्चीत बसल्यासारखं टेकायचं, पाय पुढे पसरायचे आणि पेडल मारायचं! अंग वाऱ्याच्या वाटेत कमी येतं, म्हणून ती पळते झकास. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूनं अशाच सायकलवर तासात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. आणि गंमत बघा, १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं तिला शर्यतींतून बादच केलं!

दादाच्या सायकलच्या पुढच्या चाकात, सगळे स्पोक जिथे मिळतात त्या हबमध्ये, विजेची मोटर होती. २५० वॅटची, म्हणजे आपल्या मिक्सरच्या साधारण निम्म्या ताकदीची. युरोपातल्या नियमाप्रमाणे आपण पेडल मारलं तरच ती मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरला गप्प बसते. दादा म्हणाला, “इथे चढ नाही, घाट नाही. ही मोटर नि बॅटरी मिळून सात किलोंचं ओझं कशाला वाहायचं? काढून टाकतो.”

“आणि गुडघा?” वहिनींनी विचारलं. गेल्या हिवाळ्यात त्याचा गुडघा दुखावला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सायकल रोज चालवा, पण जोर लावू नका.

शेवटी ठरलं, परीक्षाच घ्यायची! लेलिस्टाडहून एंकहाउझेनपर्यंत जायचं, हाउट्रिबडाइक या बांधावरून.

हा बांध म्हणजे नवलच आहे, बरं का! सुमारे २७ किलोमीटर लांब, १९७५ साली पूर्ण झालेला. डावीकडे मार्करमेर, उजवीकडे आयसेलमेर, दोन्हीकडे नुसतं पाणी. आणि लेलिस्टाड? जिथे ते वसलंय, तिथली जमीन १९५७ साली पाणी उपसून कोरडी केलेली. समुद्रसपाटीच्याही खाली! हे पाणी अडवायची योजना आखणाऱ्या कॉर्नेलिस लेली या इंजिनिअरचंच नाव शहराला दिलंय.

बांधावर ना झाड, ना आडोसा. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा! दादानं मोटर बंद ठेवली होती. त्याचा वेग जेमतेम १५. म्हणजे अंगावर येणारा वारा ४५चा, तिप्पट! आणि वारा तिप्पट झाला की त्याचा विरोध तिप्पट नाही, तीन गुणिले तीन, नऊपट होतो. चढ नाही म्हणता? अहो, इथे वारा हाच घाट! माझी भाड्याची साधी सायकल तर जागची हलेना.

मधल्या ट्रिन्टेलहावन या छोट्या बंदराशी थांबलो. दादा गुडघा चोळत होता, पण बोलेना. मग हळूच म्हणाला, “शाळेत असताना सात किलोमीटर सायकल मारायचो मी. आता बटण दाबलं तर हरल्यासारखं वाटतं गं.”

“दादा, पेडल कोण मारणार? तूच ना?”

त्यानं बटण दाबलं. वेग २२ झाला नि चेहराही सैलावला. मी मात्र मागे धापा टाकत!

एंकहाउझेनला पोचलो. जुन्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक इथे होती. आपल्या वेंगुर्ल्याला डच वखार आहे ना, ती याच कंपनीची!

परतताना वारा पाठीशी. आता दादा ३०नं सुटला. वारा ३०चा, आपणही ३०, मग अडवणार कोण? मोटर मुकाट, नुसतं ओझं. म्हणजे दादाचंही खरं होतं!

घरी पोचल्यावर त्यानं निकाल दिला. “मोटर राहील. ती काढली, तर वाऱ्याच्या दिवशी मी मोटारगाडीच काढणार. मग सायकलही सुटेल आणि गुडघाही आखडेल.” पण मोटर हबमध्येच असल्यामुळे एक सोय होती. वायरचा जोड सोडवला की अख्खं चाक निघतं! मग ठरलं, उन्हाळ्यात शांत हवेत साधं चाक, वाऱ्यापावसाच्या दिवसांत मोटरचं.

वहिनींनी दोन्ही चाकं गॅरेजमध्ये शेजारी शेजारी टांगली.

आता तुम्ही सांगा, तुमच्या शाळेच्या वाटेवर घाट कुठला? चढाचा, वाऱ्याचा, की पाठीवरच्या दप्तराचा?