रात्रीची पाळी

कळसूबाईला जाऊ, असं मास्तर तीन वर्षांपासून म्हणत होता. मास्तर म्हणजे आमच्या दहावीच्या बाकावरचा दोस्त. पुढं डीएड करून झेडपीच्या शाळेत लागला, आता पेन्शन खातो. त्याला वेळच वेळ. आम्हाला गाया, घास आणि पाट यातून सुटका नाही. पण २०२३ ची दिवाळी झाली आणि त्यानं गाडी ठरवूनच टाकली. "पहाटं साडेतीनला चौकात ये. तिघंच आहोत." तिसरा कोण, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आता वाटतं, मला ते माहीत होतं.

अंधारात गाडीजवळ गेलो तर पुढच्या सीटवर बापू बसलेला. कानाला मफलर. दहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. एका चारीवर शेती, बांधाला बांध, आणि बोलणं नाही. लग्नात तो एका पंगतीला बसला की मी दुसऱ्या. मयतीला मात्र दोघंही जायचो, तिथं बोलायची गरज पडत नाही. मी गुमान मागं बसलो.

आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. कालवा निघतो ओझरच्या बंधाऱ्यापासून, पण त्यातलं पाणी भंडारदऱ्याचं. ते धरण पुरं झालं १९२६ साली. आजा सांगायचा, पाट यायच्या आधी इकडं नुसती बाजरी आणि कुसळं. आमची तर सगळी जिंदगीच पाटावर गेली. धरण किती टक्के भरलं ते पेपरात बघायचं, सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाटकऱ्याची वाट बघायची आणि शेजपाळीत आपला नंबर लागला की रात्र असो, थंडी असो, खोरं घेऊन निघायचं. साठी उलटली, पण हे पाणी येतं कुठून ते कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. भंडारदऱ्याला पोरांच्या सहली गेल्या, सुना-नातवंडं गेली. मी नाही.

संगमनेर, अकोले गेलं. राजूरला चहाला थांबलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. तेवढ्यात ड्रायव्हरनं विषय काढला. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं तेव्हा चाललं होतं, त्यावरून तो तापलेला. वरच्यानं खालच्याचं अडवलं का खालच्यानं वरच्याचं पळवलं, यावर तो शेंडीपर्यंत बोलत राहिला. बापू खिडकीतून बाहेर बघत होता. मी माझ्या पायाकडं. आमच्या गाडीत नेमका तोच विषय नको होता.

त्याचं असं झालं होतं. २०१३ चा उन्हाळा. आदल्या साली पावसानं दगा दिलेला, आवर्तन मिळालं ते कसंबसं. बापूची पाळी रात्री तीनपर्यंत होती, त्याच्यामागून माझी. त्याला उन्हाळी कांदा होता, शेवटचं एक पाणी पाहिजे होतं. माझा उसाचा खोडवा, पान वाळत चाललेलं. पाणी आपल्यापर्यंत पोचंल का नाही, ह्या धाकानं मला झोप येईना. उठलो, चारीवर गेलो. बापू भाकर खायला घराकडं गेलेला. मी खोऱ्यानं दारं फोडलं आणि पाणी माझ्या रानात घेतलं. नुसतं घेतलं नाही, चारीच्या काठाला बीळ फोडल्यासारखं करून ठेवलं. सकाळी बोभाटा झाला. माणसं जमली. मी चारीत गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, ओंजळीत पाणी घेतलं आणि चारचौघांत सांगितलं, "उंदरानं फोडलं. ह्या पाण्याची आण." माणसांनी मान डोलावली. उंदीर चारी फोडतात, खोटं नाही ते. पुढचं आवर्तन आलंच नाही. बापूचा कांदा गोटीएवढा राहिला.

बारीत उतरलो तेव्हा सात वाजले असतील. भाताची सोंगणी चाललेली, खाचरांतून ओल्या पेंढ्याचा वास. आमच्याकडं हा वास नाही. वाटेला पायथ्याशी देवीचं एक देऊळ लागतं, ज्याला वर जाणं होत नाही तो इथंच हात जोडतो. बापू तिथं जरा जास्त वेळ थांबला. त्याचा उजवा गुडघा धरतो, ते मला माहीत होतं. बोलत नसलो तरी शेजाऱ्याचं सगळं माहीत असतं.

पहिला तास मास्तरच बोलत होता. १६४६ मीटर उंची, महाराष्ट्रात याच्यावर डोंगर नाही. मग देवीची कथा. कळसू ही कोळ्याची पोर. कुणाच्या तरी घरी कामाला राहिली ती अट घालून, की मी झाडणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस पाहुण्यांच्या गर्दीत तिला तेच काम लावलं. तिनं ते केलं आणि निघून थेट ह्या डोंगरावर आली, ती परत गेलीच नाही. "दिलेला शब्द मोडला म्हणून," मास्तर म्हणाला. तो हे आमच्यासाठी म्हणाला का सहज, देव जाणे. मास्तर लोकांना शिकवायची खोड असते.

मग कडे लागले. उभ्या खडकाला लोखंडी शिड्या लावल्यात. पूर्वी लोक साखळी धरून चढायचे म्हणतात. शिडी चांगली पक्की आहे, पण खाली बघितलं की पोटात गोळा येतो. औत हाकणाऱ्या माणसाला सपाटीची सवय. पुण्या-मुंबईची पोरं-पोरी आम्हाला 'काका, या या' म्हणत सरसर वर जात होती. एका वळणावर बारीतला एक गडी डोक्यावर पाण्याचा जार घेऊन चढताना दिसला, पायात साधी चप्पल. आम्ही तिघं बाजूला झालो. त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही, श्वास मोजूनच टाकत होता.

दुसऱ्या शिडीखाली बापू बसला. मास्तर पुढं गेलेला. मी पण बसलो, चार हात अंतर ठेवून. पिशवीतून शेंगदाण्याची चटणी आणि भाकर काढली, अर्धी मोडून मधल्या दगडावर ठेवली. बऱ्याच वेळानं त्यानं ती उचलली. दोघंही काही बोललो नाही. पण पुढच्या शिडीला तो पुढं आणि मी त्याच्या मागं असा चढलो. पाय घसरला असता तर माझ्यावरच आला असता.

साडेअकराला माथ्यावर पोचलो. वर छोटंसं देऊळ, आत दोन-चार माणसं मावतील एवढंच. दर्शन घेतलं. बाहेर आलो आणि मास्तरनं हात लांब करून दाखवलं, "ते बघा." खाली भंडारदऱ्याचं पाणी, डोंगरांच्या बोटांत शिरलेलं, उन्हात पत्र्यासारखं चमकत होतं. त्याच्या पलीकडं रतनगड, तिथूनच प्रवरा निघते. दुसऱ्या अंगाला अलंग, मदन, कुलंग. मी फक्त पाण्याकडं बघत राहिलो. ह्यातलंच ओंजळभर हातात घेऊन मी आण घेतली होती.

तिथं एक बाई लिंबू सरबत विकत होती. मी विचारलं, "मावशी, एवढं पाणी खाली, तुम्हाला काय कमी?" ती हसली. "पाऊस पडतो आमच्यावं बाबा, ऱ्हातो तुमच्याकं. चैत्रात आमाला हांडा घिऊन फिरावं लागतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पैसे मोजून घेतले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.

मास्तर फोटो काढायला गेला. बापू आणि मी कड्यापासून जरा आत बसलो होतो. मी म्हणलं, "बापू, उंदरानं नव्हतं फोडलं. मी फोडलं."

तो पाण्याकडंच बघत होता. खूप वेळानं म्हणाला, "किती वाजले होते?"

"साडेअकरा असतील."

"मी एकला आलो." थोडं थांबून म्हणाला, "माझे दोनच वाफे राहिले होते. अर्ध्या तासाचं पाणी."

हे मला माहीत नव्हतं. दहा वर्षं मला वाटत होतं, मी त्याचा अर्धा कांदा जाळला. दोन वाफे राहिले होते, पण त्या रात्रीनंतर पाणीच आलं नाही म्हणून सगळाच गेला, हा हिशेब त्याचा त्याच्यापाशी होता. मी अर्धा तास थांबलो असतो तर त्याचंही भिजलं असतं आणि माझंही.

"तुझा खोडवा तरी आला का?" त्यानं विचारलं.

"नाही. हुमणीनं खाल्ला."

बापू हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. मग उठला, धोतर झटकलं आणि चालायला लागला. माफ केलं म्हणाला नाही. मीही मागितली नाही, मागायला तोंड नव्हतं.

उतरताना त्याच्या गुडघ्यानं दगाच दिला. शिडी उलटं तोंड करून उतरावी लागते. मी खाली राहून एकेक पायरी सांगत होतो, "हां, टेक. अजून एक." सपाटीला त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो बारी येईपर्यंत काढला नाही. हात जड होता. दुसरा उपाय नव्हता म्हणून ठेवला का कसं, ते मी विचारलं नाही.

गावात यायला रात्रीचे नऊ वाजले. चौकात उतरल्यावर मास्तरनं ड्रायव्हरला पैसे दिले. बापू काठी टेकत दोन पावलं गेला आणि मागं वळला.

"परवा पाट सुटतोय. तुझी रात्रीची आहे ना?"

"हो."

"मी येतो बांधावर," तो म्हणाला. "खोरं मी आणीन."