स्टीव्हनेजची काळी फटफटी

लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याला इंग्रज लोक 'ग्रेट नॉर्थ रोड' म्हणतात. या रस्त्याने पन्नासएक किलोमीटर गेले की हर्टफर्डशर परगण्यातले स्टीव्हनेज लागते. महायुद्धानंतर लंडनची गर्दी हलवण्यासाठी सरकारने जी नवी नगरे वसवायला घेतली, त्यांतले हे पहिले, साल १९४६. पण प्रवाशाने नव्या नगरात न रमता सरळ जुन्या गावात शिरावे. तिथल्या हाय स्ट्रीटवर एके काळी टप्प्याच्या घोडागाड्या थांबत. या रस्त्याच्या उत्तर टोकाला, १५५८ साली स्थापन झालेल्या शाळेजवळ, एक लहानसा कारखाना होता. बाजारात विकत मिळणारी त्या काळची सर्वांत वेगवान फटफटी इथे तयार होई. तिचे नाव व्हिन्सेंट 'ब्लॅक शॅडो'.

कारखान्याचा धनी फिलिप व्हिन्सेंट. बाप अर्जेंटिनात गुरांचे मोठे रान राखून होता. त्याच्या पैशावर या तरुणाने १९२८ साली बंद पडलेल्या 'एच. आर. डी.' कंपनीचे नाव विकत घेतले. १९३१ साली त्याला ऑस्ट्रेलियाचा फिल आयर्व्हिंग येऊन मिळाला. १९३४ च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत बाहेरून आणलेल्या इंजिनांनी दगा दिला, तेव्हा दोघांनी आपले इंजिन आपणच करायचे ठरवले. पुढे १९३६ साली त्या इंजिनाचे दोन नकाशे फळीवर एकमेकांवर तिरपे पडलेले आयर्व्हिंगने पाहिले आणि त्याला वाटले, एकाऐवजी दोन नळकांडी जोडली तर? त्यातून ९९८ घनसेंटिमीटरचे इंजिन जन्मले. त्याच्या बाहेरून इतक्या तेलाच्या नळ्या फिरत होत्या, की थट्टेखोरांनी त्याला 'नळवाल्याला पडलेले वाईट स्वप्न' म्हटले!

महायुद्धानंतर त्या नळ्या आत गेल्या. १९४८ साली आलेल्या 'ब्लॅक शॅडो'ला खालचा सांगाडाच नाही. इंजिन हाच तिचा कणा. अंगावर पत्र्याचे आवरण नाही, जे काही आहे ते उघडे आणि काळ्या मुलाम्याचे. वेग ताशी १२५ मैल. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला अमेरिकेत, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, रॉली फ्री नावाचा गडी याच कारखान्याच्या खास तयार केलेल्या गाडीवर ताशी १५० मैलांच्या पुढे गेला. वाऱ्याला अडथळा नको म्हणून स्वारी पोहण्याची चड्डी घालून गाडीवर पालथी झोपली होती. आपल्याकडचा पैलवानसुद्धा हे पाहून चकित झाला असता!

पण वेगाचे कौतुक एकदा करून झाले की थोडे वाकून चाकांकडे पाहावे. चाक काढायला पाना लागत नाही. हाताने फिरवायच्या दांड्या आहेत. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दातेरी चक्र बसवता येते; चाक उलटे करून बसवले की गाडीची ओढ बदलते. पाय ठेवायचे दांडे उंच माणसासाठी वेगळे, बुटक्यासाठी वेगळे लावून घ्यावेत. आडरस्त्यावर, भर पावसात, एकट्या माणसाचे काय हाल होतात हे ठाऊक असलेल्यांनी ही गाडी केली आहे.

हेच शहाणपण धंद्याला भोवले. किंमत ठरवून मग माल करायचा, ही रीत व्हिन्सेंटला जमली नाही. गाडी महाग पडे, गिऱ्हाइके थोडी, आणि लहान मोटारी स्वस्त होऊ लागलेल्या. डिसेंबर १९५५ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि काम थांबले. 'ब्लॅक शॅडो' एकूण दोन हजारही झाल्या नाहीत. व्हिन्सेंट १९७९ साली गेला, आयर्व्हिंग १९९२ साली.

आज नव्या स्टीव्हनेजमध्ये उपग्रह बांधतात. जुन्या कारखान्याच्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर धावतात. कारण मालकांनी १९४८ सालीच आपला संघ काढला, आणि पुढे सुटे भाग घडवणारी स्वतःची कंपनीही. कारखाना बुडाला, पण त्याने ज्यांच्यासाठी तोटा सोसला, त्यांनी त्याचे काम बुडू दिले नाही. उत्तम माल करणाऱ्याला दरवेळी नफा मिळतोच असे नाही. त्याला असे वारस मिळाले, हेही काही थोडे नव्हे.