पोट, पाळी आणि आठशे मीटर

जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस झुपक्यांनी गळायला लागले. टीव्हीवाले ‘टक्कल व्हायरस’ म्हणत होते. त्याच आठवड्यात आईनं मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावाहून फोन केला, ‘तुहे केस जातात म्हणे ना व? तुले बी तेच झालं का?’

मी बुलढाण्यात खोली करून पोलीस भरतीची तयारी करत होते. केस जात होते हे खरंच. पण आईला न सांगितलेली गोष्ट दुसरीच होती. ऑक्टोबरपासून मला पाळी आली नव्हती, आणि संडासलाही तीन-चार दिवसांतून एकदा, तेही कुंथून.

या दोन्हींची सांगड मैत्रिणीच्या ओळखीच्या एका ताईंनी आधीच घालून दिली होती. पोट साफ नाही म्हणून पाळी अडली. आतडी साफ झाली की तारीख आपोआप लागेल. मला ते पटलं. आजी एरंडेल पाजताना असंच काहीबाही बोलायची. ताईंकडून १,८५० रुपयांचा पावडरीचा डबा घेतला, मेसच्या पैशांतून. पोटाला विसावा म्हणून रात्री जेवण नाही, पावडरच. मला ते सोयीचंच वाटलं. भरतीत मुलींच्या मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या ८०० मीटरचे. अंग हलकं झालं की धावणं वेगात होईल, एवढंच माझं गणित.

डबा बंद केला तो बातम्यांमुळे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्या गावांतल्या रुग्णांचे नमुने तपासून घेतले, सेलेनियम जास्त आणि झिंक कमी निघालं असं सांगितलं, आणि बोट रेशनच्या गव्हाकडे दाखवलं. त्यावर पुढे वादही झाला. मला मात्र एक शब्द ओळखीचा वाटला. डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली, तर घटकांच्या यादीत ‘चांगल्या जंतूं’च्या खाली सेलेनियम होतंच. शरीराला ते चिमूटभराहूनही कमी लागतं. फार झालं तर केस आणि नखंच आधी जातात. माझे केस डब्यानं गेले असं मी म्हणत नाही. पण कशात काय आहे हे न वाचता दोन महिने रोज पीत होते, याची लाज वाटली.

शेवटी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती राजूर घाट चढून एस्टीनं आली आणि आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी लघवीची तपासणी सांगितली. ती कशाची, हे आईला कळलं. निकाल येईपर्यंतची वीस मिनिटं ती भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होती. एक अक्षर बोलली नाही. तसं काही नव्हतं. थायरॉईड ठीक, सोनोग्राफी ठीक, हिमोग्लोबिन ९.६. वजन ४४ किलो. दिवाळीआधी ते ५३ होतं.

मग बाई म्हणाल्या, ‘काल उठल्यापासून काय काय खाल्लंस ते सांग.’

पळून आल्यावर चहा, अर्धी प्लेट पोहे, दुपारी एक पोळी आणि वरण, रात्री चहा-बिस्कीट. आईनं कपाळावर हात मारला. ‘आपली शेळी याहून जास्त खाते व.’

बाई हसल्या नाहीत. घरात पैसा पुरेना झाला की आपण दिवा-पाणी चालू ठेवतो आणि लग्नकार्य पुढे ढकलतो, तसं हे आहे म्हणाल्या. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की मेंदूकडून बीजकोशांना जाणारा निरोप थांबतो आणि पाळी बंद पडते. त्याच टंचाईत आतड्यांची चालही मंदावते. म्हणजे पोटानं पाळी अडवली नव्हती. दोघी एकाच उपासाला बसल्या होत्या, आणि मी एकीला दुसरीवरून दोष देत उपास वाढवत होते.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि बद्धकोष्ठ आणखी वाढलं. शौच काळं होई. गोळ्या फेकून द्याव्या असं दोनदा वाटलं. बाईंनी एक दिवसाआड घ्यायला लावल्या, लिंबूपाण्यासोबत, चहापासून लांब. बाकी औषध म्हणजे भाकरी, तुरीचं वरण, जवसाची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि रात्रीचं जेवण. पळणं दोन महिने निम्म्यावर. ते मला सगळ्यात जड गेलं. बरोबरीच्या मुली पुढे जाताना मैदानाच्या कडेला चालणं सोपं नसतं.

मार्चमध्ये पोट रोज साफ व्हायला लागलं. पाळी मात्र आली नाही. एप्रिल गेला, मे गेला. ताईंचं म्हणणं खरं असतं तर दोन्ही बरोबरच सुटायला हवं होतं. जूनमध्ये वजन ५१ झालं आणि आठशे मीटरला ३ मिनिटं ६ सेकंद लागली. हिवाळ्यात, सात किलो हलकी असताना, ३ मिनिटं २४ लागत होती.

जुलैत एकदा चार दिवस पोट पुन्हा गच्च झालं. मी घाबरले. पाचव्या दिवशी पहाटे पोटात कळ आली, दोनदा पातळ झालं, आणि पाळी आली. बाईंनी नंतर सांगितलं की हे पुष्कळ जणींना होतं. पाळीआधी वाढलेलं संप्रेरक आतडी सुस्त करतं, आणि गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून जे द्रव्य तयार होतं, ते शेजारच्या आतड्यांनाही हलवतं.

आईला फोन लावला. ती सोयाबीन निंदत होती, मागे बायांचा गलका. ‘आली का? बरं झालं, माय.’ आणि मग आवाज खाली न आणता, सगळ्या शेताला ऐकू जाईल असं, ‘अन् संडासले होते ना?’