अडीच किलोमीटर

टायरच्या दुकानदाराचा पहिला प्रश्न सरळ होता. "मॅडम, किती किलोमीटर टिकायला पाहिजेत?"

"अडीच," मी म्हटलं.

मी 'हजार' गाळला असं त्याला वाटलं असावं. पण मला खरोखरच अडीच म्हणायचं होतं. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीच्या पुढे एका फाट्यावर डांबर संपतं. तिथून बाबांच्या शेतातल्या घरापर्यंत अडीच किलोमीटरची पांदण आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : पांदण म्हणजे दोन बाजूंच्या धुऱ्यांमधून जाणारी, बैलगाडीपुरती वाट. उन्हाळ्यात तिच्यात धूळ असते, कडेला बाभळी असतात. पावसाळ्यात ती वाट राहत नाही.

मागच्या श्रावणात बाबा गोठ्यात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मी नेमकी तिथे होते आणि माझी सेकंडहँड जिप्सी दारात उभी होती. फोर व्हील ड्राइव्हचा दांडा ओढला की काम झालं, असा माझा समज होता. नाल्याच्या अलीकडे चारही चाकं एकदम फिरायला लागली आणि गाडी तिथेच खाली खाली बसत गेली. शेवटी चुलतभावाने बैलगाडी आणली. बाबांना तिच्यात ठेवलं. पुढचा दीड किलोमीटर ते काय काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही.

फोर व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चार चाकांना वाटून देतं. पकड देत नाही. पकड टायरची. माझे टायर डांबरी रस्त्याचे होते, बारीक खाचांचे. काळी माती ओली झाली की त्या खाचांत लोण्यासारखी बसते, आणि दहा-बारा फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. चिखलाच्या टायरला मोठे, दूर दूर ठोकळे असतात. मधली जागा रुंद असल्यामुळे चाक जोरात फिरलं की माती बाहेर फेकली जाते. ठोकळे टायरच्या खांद्यावरूनही खाली उतरलेले असतात. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोरीच्या भिंतीला धरून वर यायला ते उपयोगी पडतात. (मराठीत चाकोरीबाहेर पडणं फार सोपं करून ठेवलंय आपण.)

मी अनुवादक आहे. तौलनिक साहित्यात एम.ए. केलं तेव्हापासून एका शब्दामागे किती गोष्टी दडतात हे बघण्याची खोड लागली आहे. टायरच्या माहितीपत्रकांत 'मड' एकच असतो. कोकणातली तांबडी राड, नदीकाठचा गाळ आणि आमची काळी माती, सगळं त्या एका शब्दात बसवलेलं. पण आमची माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. चप्पल तिच्यात ठेवून पाय वर येतो.

दुकानदाराने 235 मिलिमीटर रुंदीचे टायर दाखवले. "गाडी भारी दिसेल." रुंद टायर चिखलावर तरंगतो, हे खरं आहे. तळच नसेल तर तेच बरं. मी बाबांना फोन केला. काठी घेऊन चालतात आता, नागपूरला यायला मात्र तयार नाहीत. या सगळ्या खरेदीचं मूळ तेच.

"रुंद काहून पायजे?" ते म्हणाले. "बैलगाडीची धाव पाह्य. तीन बोटं असते. मातीले कापते अन् खाली मुरमाले टेकते. तुह्या गाडीले धाव नाही, गादी हाये."

धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. आमच्या पांदणीत बहुतेक ठिकाणी हातभर मातीखाली मुरूम लागतो. फक्त नाल्याजवळ लागत नाही. मी 215/75 आर 15 घेतले. जिप्सीच्या मूळ 205/70 पेक्षा थोडे उंच, म्हणजे आसाखाली पावणेदोन सेंटिमीटर जास्त जागा. बाजूची भिंत तीन पदरी. बाभळीचा काटा तळव्यात शिरला तर पंक्चर निघतं, बाजूच्या भिंतीत शिरला तर टायर गेला.

मग टिकाऊपणाचा मुद्दा आला. मऊ रबर धरतं आणि लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण ओल्या डांबरावर घसरतं. चिखलाचे टायर तसेही ओल्या हायवेवर ब्रेकला कच्चे आणि आवाजाला पक्के. म्हणून ठरवलं की गाडी गावातच, चुलतभावाकडे राहील आणि मी एसटीने येईन-जाईन. हे ठरल्यावर 'टिकाऊ'चा अर्थच बदलला. हे टायर झिजणार नव्हते, उभ्या उभ्या म्हातारे होणार होते. रबर वापरलं नाही तरी वाळतं, त्याला भेगा पडतात.

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात 2024च्या मे महिन्यात मला काढून दिलेल्या टायरांवर 3119 होतं. म्हणजे 2019चा एकतिसावा आठवडा.

"मॅडम, नवेच आहेत. एक मीटर चाललेले नाहीत."

न वापरलेलं आणि नवं यांत फरक असतो, हे मी त्याला तीनदा सांगितलं. या मापाला गिऱ्हाईक कमी, माल पडून राहतो, त्याचंही खरं होतं. दोन आठवडे थांबले, त्याच वर्षाचे पाच मागवले. पाचवा स्टेपनीचा. वेगळ्या उंचीचं एक चाक लावून फोर व्हील ड्राइव्ह वापरलं तर गिअरांवर ताण येतो.

जुलैत सलग चार दिवस पाऊस झाल्यावर गेले. फाट्यावर हवा अठरा पौंडांपर्यंत उतरवली, म्हणजे टायर जरा पसरतो आणि जास्त माती धरतो. भाऊ चालवत होता. नाल्याजवळ गाडी तिरपी झाली, मागचं टोक धुऱ्याकडे सरकलं, चिखलाचे गोळे काचेवर आले. त्याने एक्सलरेटर सोडला नाही. निघालो.

बाबा ओसरीतून काठी टेकत आले. ठोकळ्यांमधली माती काठीच्या टोकाने उकरून पाहिली. थोडी पडली, थोडी तशीच राहिली.

"काय वाटते?" भावाने विचारलं.

"बरे हायेत," ते म्हणाले. "पण बैलं विकू नको."